प्रेसवर बोटं गेली, मालक म्हणतो ‘चूक तुझीच’: हक्क, हिशेब आणि कागद

विचारलेली परिस्थिती थोडक्यात अशी. धाकटा भाऊ, वय २८, चाकणजवळच्या एका शेडमध्ये कंत्राटदारामार्फत हेल्पर म्हणून लागला, पण बसवलं पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर). उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं आणि मधल्या बोटाचं एक पेर गेलं. पगार महिना १४,०००, निम्मा बँकेत, निम्मा रोख. मालकाचं म्हणणं असं: मशीनला सेन्सर होता, त्यानेच हात घातला. आमच्याकडे आठच माणसं, त्यामुळे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू नाही. दवाखान्याचं बिल आम्ही भरलं, वर ५०,००० देतो, कागदावर सही करा आणि विषय संपवा. तर काय करावं?

सही करू नका. घरात निकड असेल तर पैसे जरूर घ्या, पण पावतीवर ‘भरपाईपोटी आगाऊ रक्कम मिळाली’ एवढंच लिहून. ‘पूर्ण व अंतिम’, ‘यापुढे माझी काही तक्रार नाही’ असा मजकूर किंवा कोरा स्टॅम्पपेपर, कशावरही सही नको. ज्यांची सही आधीच झाली आहे त्यांनीही हाय खाऊ नये. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल असतो. दोघांत तडजोड झाली तरी ती नुकसानभरपाई आयुक्तांकडे (कामगारांच्या भरपाईचे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) नोंदवावी लागते. नोंदवली नसेल, तर मालक पूर्ण रकमेला बांधील राहतो. आयुक्तांनी रक्कम अपुरी आहे असं पाहिलं तर ते नोंदणी नाकारू शकतात. म्हणूनच ही नोंदणी सहसा टाळली जाते.

आता ‘चूक त्याचीच’ या वाक्याबद्दल, कारण याच वाक्यावर लोक खचतात आणि मिळेल ते घेऊन गावी निघून जातात. कामगाराची भरपाई ही निर्दोष असण्याचं बक्षीस नाही. अपघात कामावर असताना आणि कामामुळे झाला, एवढं पुरेसं आहे. हात घाईत गेला, लक्ष नव्हतं, झोप आली होती, पेडलवर चुकून पाय पडला, यातल्या कशानेही हक्क जात नाही. कायद्याने मालकाला बचाव दिले आहेत ते मोजके: कामगार नशेत होता, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेसाठी आहे हे माहीत असलेला गार्ड त्याने स्वतः जाणूनबुजून काढला वा डावलला. सिद्ध मालकाने करायचं. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर हे बचावही चालत नाहीत. सेटरने (मशीनची जुळणी करणाऱ्याने) किंवा सुपरवायझरने ‘प्रॉडक्शन पडतंय’ म्हणून गार्ड काढून ठेवला असेल, तर तो कामगाराने काढला असं होत नाही. ईएसआयमध्ये तर चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही.

तरीही मशीनबद्दल चार गोष्टी समजून घ्या. मालक ‘सेन्सर होता’ म्हणतो ते कितपत खरं, हे त्यावरून कळेल.

अशा छोट्या शेडमधल्या जुन्या प्रेस बहुतेक ‘रोलिंग की’ क्लचच्या असतात (‘की’ म्हणजे फ्लायव्हील आणि शाफ्ट जोडणारी खीळ). फ्लायव्हील सतत फिरत असतं. पेडल दाबलं की स्प्रिंगच्या जोरावर ही ‘की’ वळते, फ्लायव्हीलमधल्या खाचेत बसते आणि क्रँकशाफ्ट त्याच्याबरोबर फिरू लागतो. एकदा ‘की’ बसली की रॅम (खाली येणारा दाबाचा भाग) पूर्ण फेरी करूनच थांबणार, अर्ध्यात थांबवायची सोयच नाही. म्हणजे या प्रेसच्या तोंडाशी लाईट कर्टन (प्रकाशकिरणांचा सेन्सर) लावला आणि त्याने हात ‘पाहिला’, तरी खाली निघालेला रॅम तो रोखू शकत नाही. तो सेन्सर फक्त दाखवण्यापुरता. या मशीनला उपयोगी पडतो तो बोट आत जाणारच नाही असा बंदिस्त फिक्स गार्ड, किंवा बंद झाल्याशिवाय क्लच बसूच देणार नाही असा इंटरलॉक गार्ड. फ्रिक्शन क्लचची प्रेस अर्ध्या स्ट्रोकमध्ये थांबते. तिथे सेन्सर कामाचा आहे, पण अंतर बरोबर हवं. हाताचा वेग सेकंदाला १.६ ते २ मीटर धरतात. प्रेस थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, तर २ मीटरच्या हिशेबाने सेन्सर डायपासून (साच्यापासून) ४० सेंटीमीटर तरी लांब हवा. तो १५ सेंटीमीटरवर बसवला असेल तर दिवा लागेल, पण बोटही जाईल.

दुसरी गोष्ट, प्रेसने ‘डबल मारला’ का, हे भावाला नीट विचारा. पेडल एकदाच दाबलं, रॅम वर गेला, जॉब (तयार तुकडा) काढायला त्याचा हात आत गेला आणि रॅम पुन्हा खाली आला, असं असेल तर दोष मशीनचा. ‘की’ची धार झिजलेली, स्प्रिंग ढिली किंवा तुटलेली, कॅच झिजलेला, ब्रेकचं लायनर गुळगुळीत झालेलं, यातलं काहीतरी नक्की सापडतं. अपघातानंतर दुसऱ्याच दिवशी नवी ‘की’ आणि नवी स्प्रिंग बसते आणि मशीन तपासायला येणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. म्हणून आत काम करणाऱ्या कोणाकडून तरी फोटो आणि छोटा व्हिडिओ लगेच मिळवा: प्रेसची पाटी, डायची जागा आणि गार्ड आहे की नाही, पेडल (त्यावर झाकण आहे का), दोन हातांची बटणं असतील तर एक बटण पट्टी लावून दाबून ठेवलंय का, जॉब टाकायला चिमटा दिला होता का. हेल्पर म्हणून घेतलेल्या माणसाला प्रेसवर बसवलं तेव्हा प्रशिक्षण कोणी दिलं, त्याची नोंद कुठे आहे, हेही विचारा. भरपाई मिळण्यासाठी हे सगळं लागतंच असं नाही. पण ‘गार्ड त्याने काढला’ हा बचाव आला तर उत्तर यातूनच निघतं. शिवाय पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम २८९ (यंत्राबाबत निष्काळजीपणा) आणि कलम १२५ खाली तक्रार द्यायची झाली तर पुरावा हाच.

खरा निर्णायक प्रश्न पुढे आहे: मामला ईएसआयचा की आयुक्तांकडचा? इथे चूक झाली तर दोन-तीन वर्षं चुकीच्या दारात उभं राहण्यात जातात, कारण दोन्ही एकत्र मिळत नाहीत. ईएसआय लागू असेल तर मालकाविरुद्ध नुकसानभरपाईचा वेगळा दावा चालत नाही.

ईएसआयसाठी १० माणसं लागतात आणि पगाराची मर्यादा महिना २१,००० आहे. ‘आठच माणसं’ ही मोजणी सहसा मालकाच्या स्वतःच्या हजेरीपटावरची असते. त्या शेडमध्ये काम करणारे कंत्राटदाराचे लोकही मोजायचे असतात, आणि मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी १० जण होते, तरी पुरतं. दोन्ही शिफ्टची माणसं, पॅकिंगच्या बायका, कंत्राटदाराची पोरं, सगळी नावानिशी लिहून काढा. आकडा १० किंवा जास्त झाला, तर नोंदणी नव्हती किंवा वर्गणी भरलेली नव्हती म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. ईएसआय महामंडळ लाभ देतं आणि मालकाकडून वसूल करतं. कामाच्या जागेवरच्या अपघाताला किमान दिवसांच्या वर्गणीची अट नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी संरक्षण आहे. एक सावधगिरी मात्र ठेवा. अपघातानंतर घाईने ईएसआय नंबर काढायचा आणि अपघाताची तारीख चार दिवस पुढची दाखवायची, असा प्रस्ताव येतो. त्याला हो म्हणू नका. दवाखान्याचे कागद आणि अपघाताचा अहवाल यांतल्या तारखा जुळत नाहीत, प्रकरण चौकशीत अडकतं आणि खोटं बोलल्याचा डाग कामगारावर येतो. खरी तारीख टाका आणि ईएसआयच्या शाखा कार्यालयात नोकरीचा पुरावा लेखी द्या.

ईएसआयमध्ये काय मिळतं? उपचार पूर्ण. काम करता येत नाही तोवर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के. १४,००० पगाराला महिना साधारण १२,६००. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचं पहिलं, मधली आणि शेवटचं अशी प्रमाणपत्रं सलग लागतात. मध्ये खंड पडला तर तेवढ्या दिवसांचे पैसे अडकतात. खासगी दवाखान्यात दाखल असलात तरी ईएसआय दवाखान्यात कागद घेऊन जा आणि नोंद करून घ्या. हा लाभ चालू असताना मालक कामावरून काढू शकत नाही. त्यानंतर मेडिकल बोर्ड. इथे खूप जण थांबतात, कारण फिटनेस (कामावर जायला योग्य असल्याचं प्रमाणपत्र) मिळाला की संपलं असं वाटतं. बोर्डासमोर जाण्यासाठी शाखा कार्यालयात वेगळा अर्ज द्या, आपोआप होईल म्हणून वाट पाहू नका. बोर्डाने कमाईची क्षमता जितके टक्के गेली असं ठरवलं, तितके टक्के त्या ९० टक्क्यांवर, दरमहा, आयुष्यभर. १८ टक्के ठरले तर महिना सुमारे २,२६८. पुन्हा नोकरी लागली तरी हे बंद होत नाही. टक्के कमी वाटले तर मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे किंवा कर्मचारी विमा न्यायालयात जाता येतं.

माणसं खरोखरच दहापेक्षा कमी असतील किंवा पगार २१,००० च्या वर असेल, तर मामला आयुक्तांकडे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच हे काम पाहतात. हिशेबाचं सूत्र असं: महिन्याच्या वेतनाच्या ६० टक्के, गुणिले वयाचा गुणक, गुणिले कमाईच्या क्षमतेतली घट. वेतन कितीही असलं तरी जानेवारी २०२० पासून ते हिशेबाला १५,००० पर्यंतच धरतात. वयाचा गुणक कायद्याच्या तक्त्यात आहे: २५ व्या वर्षाला २१६.९१, २८ ला २११.७९, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७.

तुमच्या भावाचं पाहू. १४,००० चे ६० टक्के ८,४००. त्याला २११.७९ ने गुणलं की १७,७९,०३६. आता टक्के. कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीची दोन पेरं गेली तर ११, मधल्या बोटाचं एक पेर गेलं तर ७, बेरीज १८. म्हणजे ३,२०,२२६ रुपये. समोर ठेवलेले ५०,००० याच्या सहावा हिस्साही नाहीत. आणि मालकाने भरलेलं दवाखान्याचं बिल यातून वजा होत नाही. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च ही त्याची वेगळी जबाबदारी आहे. शिवाय घरी बसावं लागलं त्या काळासाठी दर पंधरवड्याला वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे ३,५०० रुपये.

या टक्क्यांमध्ये डॉक्टरांचा एकेक शब्द मोलाचा आहे. तर्जनीचं टोक हाड न जाता कापलं गेलं तर ५ टक्के. एक पेर गेलं तर ९. फरक चारच टक्क्यांचा, पण वरच्या हिशेबात तो ७१,१६१ रुपये होतो. डिस्चार्ज कार्डवर नुसतं ‘बोटाच्या टोकाला इजा’ लिहिलेलं असतं आणि एक्स-रेत हाड गेलेलं दिसत असतं. म्हणून ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे एक्स-रे मागून घ्या. सर्जनकडून कोणतं बोट, कुठल्या सांध्यापासून, किती हाड गेलं, हे लेखी घ्या. बोट शाबूत आहे पण ताठ झालंय, मुठीत येत नाही, असं असेल तर तेही लिहून घ्या. अवयवाचा वापर पूर्ण आणि कायमचा गेला, तर कायद्याच्या दृष्टीने तो अवयवच गेला असं धरतात. काही आकडे लक्षात असू द्या: अंगठा ३०, अंगठ्याचं टोकाचं पेर २०, एका हाताची दोन बोटं २०, तीन बोटं ३०, चार बोटं ५०, पूर्ण हात ६०, एका डोळ्याची दृष्टी ३०.

सिव्हिल हॉस्पिटलचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र वेगळं आणि कमाईच्या क्षमतेतली घट वेगळी. पहिलं शरीराचं माप आहे, दुसरं त्या माणसाच्या कामाचं. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या प्रकरणात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. सर्वोच्च न्यायालयाने ते पूर्ण अपंगत्व मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून परिशिष्टातले टक्के ही शेवटची रेघ नाही. उजव्या हाताने प्रेस, लेथ किंवा वेल्डिंग करणाऱ्याला पकडच येत नसेल, तर ‘हे काम तो आता करू शकत नाही’ असं डॉक्टरांच्या साक्षीतून मांडता येतं. त्याच निकालाने भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते हेही ठरवलं. महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के सरळव्याज, आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. मालकाचा विमा असेल तर भरपाई आणि व्याज विमा कंपनी देते, दंड मात्र मालकाच्या खिशातून.

कायद्याच्या नावाबद्दल एक टीप: २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा नुकसानभरपाई कायदा व १९४८ चा ईएसआय कायदा तिच्यात सामावले गेले. त्याआधीच्या अपघाताला जुना कायदा. हिशेबाचा साचा तोच आहे, पण अर्जात कलमं लिहिताना अपघाताची तारीख पाहा.

आता कागद. सगळ्यात वजनदार कागद म्हणजे दवाखान्यातली पहिली नोंद, अपघात विभागातल्या डॉक्टरने ‘काय झालं’ म्हणून विचारून लिहिलेलं वाक्य. बरोबर आलेला सुपरवायझर कधी कधी ‘दाराच्या फटीत बोट अडकलं’ किंवा ‘घरी पडला’ असं सांगून टाकतो, आणि रक्ताळलेला माणूस गप्प असतो. तो केसपेपर आजच मागवा. ‘कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करताना’, तारीख, वेळ हे आहे का पाहा. नसेल तर दुरुस्तीसाठी दवाखान्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मेडिको-लीगल नोंद (पोलिसांना कळवली जाणारी दवाखान्याची नोंद) झाली का तेही विचारा.

पगाराचा पुरावा: रोख भाग सिद्ध करायला यूपीआयच्या नोंदी, हजेरीचे व्हॉट्सअॅप मेसेज, कंत्राटदाराची डायरी, त्याच कामावरच्या दुसऱ्याची पगारपावती. ओव्हरटाईमचे दिवसही लिहून ठेवा. नोकरीच नाकारली तर गेटपास, टोकन, शेडमधले फोटो. साक्षीदार सहकाऱ्यांचे फक्त मोबाईल नंबर नको, गावचे पत्तेही घ्या. ही मुलं सहा महिन्यांत दुसरीकडे जातात आणि नंबरही बदलतात.

मालक आणि कंत्राटदार दोघांनाही पोचपावतीसह नोटीस पाठवा: अपघाताची तारीख, वेळ, जागा, मशीन, इजा, वय, वेतन, एवढं पुरे. कंत्राटदार पळाला तरी मूळ मालक सुटत नाही. काम त्याच्या धंद्याचं आणि जागा त्याच्या ताब्यातली असेल तर भरपाई त्याने द्यायची आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायची. शेड कारखाना म्हणून नोंदलेली असेल, तर ४८ तासांपेक्षा जास्त काम बुडवणाऱ्या अपघाताची सूचना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला जायला हवी. ती गेली का, हे तिथे अर्ज देऊन विचारा.

आयुक्तांकडे दावा दोन वर्षांच्या आत करायचा. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. अपघात चाकणला झाला तरी दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येतो, गावी परतलेल्याला पुण्याच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो. मिळालेल्या रकमेतून ठरावीक टक्के मागणारा वकील बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. निकालावर मालकाने उच्च न्यायालयात अपील केलं तर पूर्ण रक्कम आधी आयुक्तांकडे जमा करावी लागते, त्यामुळे अपिलाची धमकी वाटते तेवढी मोठी नाही.

शेवटी, त्याच प्रेसवर आज दुसरं कोणीतरी बसलेलं असेल. त्याच्यासाठी ही माहिती शेडमध्ये पोचवा. बोट तुटलं तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा, रबर किंवा दोरी आवळू नका, अंगठी लगेच काढा. कातडीला लोंबकळणारा तुकडा तोडू नका. तुटलेलं बोट शोधा, डायमध्ये किंवा स्क्रॅपच्या पेटीत असतं. सलाइन किंवा स्वच्छ पाण्याने अलगद धुवा, सलाइनने ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर नको, पाण्यात किंवा दुधात बुडवून नको, पेशी मरतात. असं गार ठेवलेलं बोट बारा तासांनंतरही जोडता आल्याची उदाहरणं आहेत, पण डायखाली चेंगरलेल्या बोटाची शक्यता कमी असते, म्हणून प्रत्येक तास मोलाचा. जखमीला चहा, पाणी काही देऊ नका, भूल द्यावी लागेल. जवळच्या छोट्या दवाखान्यात टाके घालण्यात वेळ न घालवता हाताची मायक्रोसर्जरी करणारा प्लास्टिक सर्जन असलेल्या रुग्णालयात आधी फोन करून थेट तिथे न्या. पिशवीवर नाव आणि अपघाताची वेळ लिहा.